गुण कुणाच्या हाताला?

आमच्या पेणला डॉक्टरचा निकाल दोन शब्दांत लागतो. ‘हाताला गुण आहे’, नाहीतर ‘गुण नाही’. पाटीवरच्या पदव्या कुणी वाचत नाही. ज्याच्या गोळीनं ठणका थांबला त्याच्या हाताला गुण. ज्याच्या गोळीनं नुसतं मळमळलं त्याच्या हाताला नाही. यात डॉक्टरचा हात किती आणि रोग्याचं यकृत किती, हे बत्तीस वर्षं औषधशास्त्र शिकवूनही मला माझ्या गावातल्या माणसांना सांगता आलं नाही. हे पुस्तक ते सांगतं. म्हणून प्रस्तावना लिहायला मी एका पायावर तयार झालो.

पुस्तकाचं निमित्त झालं ते असं. वडखळच्या अलीकडे खड्डा चुकवताना मोटारसायकल घसरली आणि नवरा-बायको दोघंही पडली. हाडं शाबूत, मुका मार मात्र दोघांना सारखाच. डॉक्टर एक, चिठ्ठी एक, गोळीही एकच : ट्रॅमाडॉल आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली. चौथ्या दिवशी बाई दुकानात आली. ‘‘दादा, ह्यांचा ठणका पहिल्याच गोळीला गेला, घोरतायत. मला गुण म्हणून नाही, नुसतं मळमळतंय. मला दुसरीच तर नाही ना दिलीत?’’ दुकानदारानं दोन्ही पाकिटं उलटून बघितली. कंपनी तीच, बॅच तीच, मुदत तीच. उत्तर त्याला ठाऊक होतं, पण मागे पाच गिऱ्हाईकं ताटकळत असताना काउंटरवर उभ्याउभ्या देण्याजोगं ते नव्हतं. ते द्यायला त्याला एकशे बारा पानं लागली.

हा दुकानदार माझा जुना विद्यार्थी. पुस्तकाची दुसरी लेखिका रोह्याची परिचारिका. घरोघरी जाऊन कॅन्सरच्या आणि अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांची शुश्रूषा करते. दोघांची ओळख दिवा-रोहा गाडीत झाली. पुस्तकाचा बराचसा आराखडा पेण, कासू, नागोठणे, निडी या स्टेशनांच्या दरम्यान ठरला, असं दोघंही सांगतात. मला ते खरं वाटतं, कारण पुस्तकाची भाषा गाडीतल्या बोलण्याची आहे. शेजारचा प्रवासी कान देऊन ऐकतोय हे धरून लिहिलेली.

विषय अफूजन्य आणि अफूसारखं काम करणाऱ्या वेदनाशामकांचा. अफू म्हटलं की लोक दचकतात. पण दिवाळीत अनारशाला जी खसखस लावतो ती अफूच्याच बोंडातली. बोंड हिरवं असताना त्याला चिरे पाडले की जो चीक येतो ती अफू, आणि बोंड वाळल्यावर आत जे बी खुळखुळतं ती खसखस. बियांत गुंगी आणणारं फारसं काही नसतं. चिकात मात्र मॉर्फिन असतं, साधारण दहा टक्के, आणि त्याहून फार कमी कोडीन. मॉर्फिन अफूतून वेगळं काढलं जर्मनीतल्या झेर्ट्युर्नर नावाच्या तरुण औषधविक्रेत्यानं, १८०५ च्या सुमारास. पुढे त्यानं ते स्वतः घेतलं, तीन पोरांनाही दिलं आणि चौघांची पार दैना झाली. औषधाच्या दुकानात काम करणाऱ्या माणसानं औषधशास्त्रातली एवढी मोठी गोष्ट करून ठेवली, हे माझ्या विद्यार्थ्याला मी वर्गात वारंवार सांगत असे. त्याचा परिणाम आता तुमच्या हातात आहे.

कोडीन १८३२ साली फ्रान्समध्ये रोबिके यानं शोधलं. नाव ग्रीक भाषेतल्या बोंडाच्या शब्दावरून आलं, म्हणजे मराठीत ‘बोंडीन’ म्हणायला हरकत नव्हती. गंमत पुढेच आहे. अफूत कोडीन थोडं, आणि मागणी मोठी. म्हणून कारखान्यात ते बहुतांशी मॉर्फिनपासूनच करतात. मॉर्फिनच्या रेणूला एक मिथाइल गट जोडला की झालं कोडीन. आपण ते गिळतो, आणि यकृत तो जोडलेला गट तोडून पुन्हा मॉर्फिन करतं. कारखान्यानं शिवलेली शिवण शरीर उसवतं, आणि उसवली तरच गुण येतो. ज्याच्या शरीराला ती उसवता येत नाही त्यानं कोडीनची गोळी खाल्ली काय आणि न खाल्ली काय.

आपल्या देशात अफूची कायदेशीर शेती मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात होते. चीक नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत जातो. रायगडात अफू पिकत नाही. पण अगदीच संबंध नाही असंही नाही. पेणहून जड रुग्ण ज्या जे. जे. रुग्णालयात पाठवतात ते १८४५ साली सुरू झालं, सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीच्या बळावर. आणि त्यांच्या संपत्तीत माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला पाठवण्याच्या व्यापाराचा मोठा वाटा होता. असो, हे विषयांतर झालं. पुस्तकात ते नाही.

गोळी गिळल्यावर काय होतं ते बघू. पोटातून आतड्यात, आतड्यातून रक्तात; पण आतड्याचं रक्त थेट सगळ्या अंगाला जात नाही. ते आधी यकृतात जातं. तिथे जकात नाका आहे म्हणा. तोंडानं घेतलेल्या मॉर्फिनचा निम्म्याहून अधिक भाग पहिल्याच फेरीत तिथे बदलून जातो, आणि सरासरी तिसरा हिस्सा, कुणाचा थोडा कमी कुणाचा थोडा अधिक, मॉर्फिन म्हणून पलीकडे पोचतो. म्हणूनच इंजेक्शनचा डोस आणि गोळीचा डोस यांचे आकडे कधीच सारखे नसतात. ‘इंजेक्शन पाच मिलिग्रॅमचं होतं, मग गोळी पंधराची का, डॉक्टर वेडा आहे का’ असा एक फोन मला रात्री साडेअकराला आलेला आहे. डॉक्टर वेडा नव्हता.

यकृत हे का करतं? मेंदूपर्यंत पोचायचं तर औषधाला चरबीतून वाट काढता आली पाहिजे. आणि लघवीवाटे बाहेर पडायचं तर पाण्यात नीट विरघळता आलं पाहिजे. या दोन गोष्टी एकमेकींच्या उलट. तेव्हा यकृतातली विकरं, ज्यांना आपण एन्झाइम म्हणतो, औषधाच्या रेणूत काहीतरी बदल करून त्याला पाण्यात मिसळणारं करतात. मॉर्फिनच्या बाबतीत यूजीटी-२बी७ नावाचं विकर त्याला ग्लुकुरोनिक आम्लाचा, म्हणजे साखरेच्या एका भाईबंदाचा, तुकडा चिकटवतं. तो रेणूतल्या दोन जागी चिकटतो, तिसऱ्या क्रमांकाच्या किंवा सहाव्या. तिसऱ्या जागी चिकटला की जे बनतं ते प्रमाणानं सर्वांत जास्त, निम्म्याच्या वर, आणि वेदनेवर त्याचा काही उपयोग नाही. सहाव्या जागी चिकटला, आणि हे साधारण दहावा हिस्सा होतं, की बनतं मॉर्फिन-६-ग्लुकुरोनाइड. हे निर्माल्य नव्हे. हेही वेदना शमवतं, झोप आणतं, श्वास मंदावतं. आणि शरीराबाहेर जायला त्याला एकच वाट आहे : मूत्रपिंड.

इथे लेखकांनी खारेपाटातली उपमा वापरली आहे आणि ती इतकी चपखल आहे की मी ती उचलतो. खाडीचं खारं पाणी भातशेतात घुसू नये म्हणून बांध असतो, आणि शेतातलं जादा पाणी खाडीत जावं म्हणून बांधात उघाडी असते. ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्यानं उघाडीचं दार उघडतं, भरतीला बाहेरच्या पाण्यानं मिटतं. उघाडी गाळानं चोंदली की वरून पाऊस तेवढाच पडूनही शेत बुडतं. पावसाचा दोष नसतो. मूत्रपिंड म्हणजे ही उघाडी. मॉर्फिनचा डोस वाढवलेला नाही, गोळ्यांची वेळ चुकलेली नाही, यकृत आपलं काम चोख करतंय. पण मूत्रपिंड चोंदलं आणि सहाव्या जागेवालं ग्लुकुरोनाइड अंगात साचत गेलं.

रोह्याच्या लेखिकेनं कुंडलिकेपलीकडच्या अष्टमीतल्या एका घरातली हकिगत पुस्तकात दिली आहे. सत्तरीचे गृहस्थ, कॅन्सर हाडांत उतरलेला, परळहून आणलेल्या मॉर्फिनच्या गोळ्यांवर चार महिने उत्तम चाललेलं. ओट्यावर बसून पेपर वाचायचे. जुलैत जुलाब लागले. घरच्यांनी साबुदाण्याची पेज दिली, ताक दिलं. तिसऱ्या दिवसापासून आजोबा झोपूनच. हाक मारली तर डोळे उघडायचे, पुन्हा मिटायचे. मुलगा म्हणाला, ‘‘सिस्टर, आता दिवस भरत आले, त्रास नका देऊ.’’ सिस्टरनं पापणी वर करून टॉर्च मारला. बाहुली मोहरीच्या दाण्याएवढी. मनगटावरचं घड्याळ बघत श्वास मोजले, मिनिटाला आठ. मग तिनं सुनेला जो प्रश्न विचारला तो या पुस्तकातला मला सर्वांत आवडलेला प्रश्न आहे : ‘‘वहिनी, लघवीचं भांडं शेवटचं कधी रिकामं केलंत?’’ वहिनींना आठवेना. काल सकाळी असेल. तिनं तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. गोळी थांबवली, रुग्णालयात नेऊन सलाइन लावलं, रक्त तपासलं तर क्रिएटिनिन चढलेलं. दोन दिवसांनी आजोबांनी चहा मागितला. पुढे मॉर्फिनऐवजी मूत्रपिंडावर कमी विसंबणारं औषध सुरू केलं, आणि आजोबा गणपती बघून गेले. दिवस भरले नव्हते, उघाडी चोंदली होती.

आता ट्रॅमाडॉल आणि कोडीन. पेणमधला लेखक म्हटल्यावर गणपती येणारच, तसा तो इथे येतो. हमरापूर-जोह्याकडून कच्च्या मूर्ती गाड्या भरभरून मुंबई-पुण्याला जातात. रंगकाम आणि डोळ्यांची आखणी तिथे होते. कोडीन ही कच्ची मूर्ती. शंभर मूर्ती यकृतात उतरल्या तर पाच-दहांनाच आखणीच्या कारागिराकडे पाठवलं जातं, बाकीच्या दुसऱ्याच वाटेनं निघून जातात. ज्यांना डोळे मिळाले ते मॉर्फिन. वेदना शमते ती मुख्यतः त्यांच्यामुळे. या कारागिराचं नाव सीवायपी-२डी६. आणि सगळ्यांच्या यकृतात हा कारागीर असतोच असं नाही.

उपमा छान आहे, पण मला तिच्याबद्दल थोडी तक्रार आहे. ट्रॅमाडॉलला ती पुरती लागू होत नाही. ट्रॅमाडॉललाही हाच कारागीर लागतो. तो त्यातून ओ-डेसमिथाइल-ट्रॅमाडॉल बनवतो आणि अफूसारखा परिणाम त्याचाच. पण मूळ ट्रॅमाडॉल हातावर हात ठेवून बसत नाही. ते मेंदूत आणि मज्जारज्जूत सेरोटोनिन आणि नॉरअॅड्रिनॅलिन यांची पातळी वाढवतं, आणि त्यानंही वेदना थोडी दबते. म्हणजे ट्रॅमाडॉलची कच्ची मूर्तीही थोडीफार पावते, आणि प्रसंगी कोपतेही. मळमळ, घाम, हातांची थरथर, क्वचित आकडी. वडखळच्या त्या बाईला नुसती मळमळ का झाली याचं संभाव्य उत्तर इथे आहे. नवऱ्याकडे कारागीर जोरात, तिच्याकडे रजेवर.

हा कारागीर शास्त्रज्ञांना कसा सापडला ते लेखकांनी दोन ओळींत उरकलं आहे. त्याला जास्त जागा द्यायला हवी होती. १९७५ च्या सुमारास लंडनमधल्या रॉबर्ट स्मिथ या संशोधकानं रक्तदाबाच्या डेब्रिसोक्विन नावाच्या गोळीवरच्या प्रयोगात सहकाऱ्यांबरोबर स्वतःही गोळी घेतली. सहकारी आपले कामाला लागले. स्मिथला उभं राहता येईना, रक्तदाब पार खाली गेला. दुसरा एखादा ‘मला मानवलं नाही’ म्हणून विसरून गेला असता. स्मिथनं लघवी तपासली. सहकाऱ्यांच्या अंगात गोळी मोडत होती, त्याच्या अंगात ती जशीच्या तशी राहिली होती. १९७७ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. जर्मनीत आयखेलबाउम यांनी दुसऱ्याच एका औषधावरून त्याच सुमारास हेच ताडलं होतं. पुढे कळलं की या विकराचं जनुक बाविसाव्या गुणसूत्रावर असतं आणि त्याची शंभराहून अधिक रूपं आहेत. युरोपी वंशाच्या लोकांत शंभरातल्या पाच ते दहा जणांकडे हा कारागीर नसतोच. भारतात झालेल्या पाहण्यांत हा आकडा साधारण दोन ते पाच निघाला. काहींच्या गुणसूत्रावर उलट याच जनुकाच्या जादा प्रती असतात. इथियोपिया आणि उत्तर आफ्रिकेत अशी माणसं बरीच. त्यांच्या यकृतात कारागीर रात्रपाळीही करतात. नेहमीच्या डोसातून भलतंच जास्त मॉर्फिन तयार होतं.

मोठ्या माणसाला त्यातून गुंगी येते. लहान मुलाचा श्वास थांबू शकतो. टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर कोडीन दिलेली काही मुलं दगावल्यावर अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१३ मध्ये कडक इशारा दिला, आणि २०१७ मध्ये बारा वर्षांखालच्या मुलांना कोडीनही नको आणि ट्रॅमाडॉलही नको असं सांगितलं. घरात मोठ्यांच्या खोकल्यासाठी आणलेली कोडीनची बाटली असते. रात्री पोर खोकतं, आणि आजी मायेनं अर्धा चमचा देते. लेखकांनी या प्रकरणाचा सूर फारच मवाळ ठेवलाय. मी असतो तर ठळक अक्षरांत छापलं असतं : देऊ नका.

अंगावर येणारं पान मला बाळगोळीचं वाटलं. कोकणातून मुंबईच्या गिरण्यांत गेलेल्या बाया पाळीला जाताना तान्ह्याला अफूची गोळी चाटवून झोपवत. १९२० च्या दशकातल्या सरकारी पाहण्यांत या प्रथेची नोंद आहे. आयांना नावं ठेवणं सोपं आहे. पोर रडलं तर बघायला कुणी नाही आणि पाळी चुकली तर चूल पेटत नाही, हेही त्याच नोंदींतून दिसतं. पण आता आपल्याला तेव्हा ठाऊक नसलेली एक गोष्ट माहीत आहे. नवजात बाळाच्या यकृतात साखर चिकटवणारं ते विकर पुरतं जागं झालेलंच नसतं. मोठ्या माणसाच्या रक्तातलं निम्मं मॉर्फिन दोन-तीन तासांत निघून जातं, पूर्ण दिवसांच्या नवजाताला त्यासाठी सहा-सात तास लागतात, आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळाला नऊच्या आसपास. म्हणजे सकाळच्या गोळीचा अंश उतरायच्या आत दुसरी गोळी पोटात. काही बाळं ‘शांत’ होत ती का, हे त्या आकड्यांत आहे.

आपल्या जिल्ह्याचा या विषयाशी आणखी एक धागा आहे. पुस्तकात तो तळटिपेत टाकलाय. तळटिपेत का? महाड तालुक्यात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ साली डॉ. हिम्मतराव बावस्कर आले तेव्हा लाल विंचवाच्या दंशानं मुलं आणि धडधाकट माणसं मरत होती. दंशाच्या कळा एवढ्या भयंकर की डॉक्टरचा हात साहजिकच वेदनाशामकाकडे जाई. पेथिडिन हे वेदनाशामक मिसळलेलं ‘लायटिक कॉकटेल’ त्या काळी विंचूदंशाला वापरात होतं. पण विंचवाच्या विषानं हृदय थकत असतं, फुप्फुसात पाणी भरत असतं, आणि अशा वेळी श्वास मंदावणारं औषध म्हणजे बुडत्याचा पाय ओढणं. बावस्करांनी रोग्यांच्या खाटेशी रात्र-रात्र बसून विषाची चाल ओळखली आणि प्राझोसिन या रक्तदाबाच्या साध्या गोळीनं तिला उतार शोधला. ते ‘लॅन्सेट’मधून जगाला कळलं, २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पेथिडिनची आणखी एक खोड आहे. शरीरात त्याचं नॉरपेथिडिन होतं. वेदना शमवायला ते मूळ औषधाच्या निम्मंच, पण मज्जासंस्थेला चिडवायला दुप्पट, आणि अंगातून जायला फार सावकाश. मूत्रपिंड कमजोर असलेल्याला पेथिडिन वारंवार दिलं की हात झटकू लागतात, मग आकडी येते. आज जाणकार डॉक्टर ते टाळतात.

बाकीच्या औषधांचं प्रकरण मी इथे भरभर ओलांडतो, कारण लेखकांनी ते नीट लिहिलंय. फेंटानिलची चामडीवर लावायची पट्टी सीवायपी-३ए४ या निराळ्या विकरावर चालते. पावसाळ्यात आपल्याकडे घरटी एकाला गजकर्ण असतं आणि त्यावर सर्रास दिलं जाणारं इट्राकोनॅझोल नेमकं तेच विकर दाबतं. मग पट्टी तीच, पण अंगात औषध जास्त. टीबीच्या रिफाम्पिसिनचं उलट. ते यकृताला एवढं कामाला लावतं की मॉर्फिन, कोडीन, फेंटानिल सगळंच लवकर मोडतं आणि कालपर्यंत लागू पडणारा डोस पुरेनासा होतो. अशा वेळी ‘सवय लागली, म्हणून जास्त मागतोय’ असा आरोप रोग्यावर होतो. आणि दारू. तिचा हिशेब यकृताआधी श्वासाशी आहे : ही औषधं आणि दारू, दोन्ही श्वासच मंदावतात. गोळी घेतली त्या दिवशी माडीसुद्धा नको.

आता एक कबुली. ती दिल्याशिवाय मला ही प्रस्तावना लिहायचा अधिकार नाही.

वडील गेल्यावर आई खचली. आम्ही तिला मानसोपचारतज्ज्ञाकडे नेलं, फ्लुओक्सेटिन सुरू झालं, आणि ती हळूहळू पुन्हा माणसांत आली. पण शेजारीपाजारी कळू नये म्हणून ते पाकीट देवघराच्या खणात, उदबत्त्यांच्या पुड्याखाली असे. दुसऱ्या पावसाळ्यात ती ओल्या ओट्यावरून घसरली आणि मनगट मोडलं. प्लास्टर झालं. डॉक्टरांनी विचारलं, ‘‘आणखी काही औषधं चालू आहेत का?’’ मी सांगितलं, ‘‘ब्लडप्रेशरची एक, बाकी काही नाही.’’ ट्रॅमाडॉल लिहून मिळालं. रात्रभर आई कण्हत होती. दुसऱ्या दिवशी हात थरथरू लागला, अंगाला घाम. मी तिला म्हणालो, ‘‘आई, थोडं सोसायला शिक.’’

फ्लुओक्सेटिन सीवायपी-२डी६ ला बांधून ठेवतं. कारागीर आहे, पण त्याचे हात बांधलेले. त्यामुळे ट्रॅमाडॉलचा अफूसारखा भाग तयारच झाला नाही, आणि उरलेल्या कच्च्या ट्रॅमाडॉलनं फ्लुओक्सेटिनच्या जोडीनं सेरोटोनिन वाढवलं. थरथर आणि घाम त्याचा. हे मी दर वर्षी फळ्यावर आकृती काढून शिकवत होतो. परीक्षेत आठ गुणांना विचारत होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी पूजा करताना उदबत्तीसाठी खण उघडला तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ट्रॅमाडॉल बंद केलं, डॉक्टरांना खरं सांगितलं, त्यांनी औषध बदललं. आई बरी झाली. ‘सोसायला शिक’ हे वाक्य मात्र मला परत घेता आलेलं नाही.

शेवटी भीतीबद्दल. आपल्याकडे एक टोक असं की ट्रॅमाडॉल चण्यासारखं खाल्लं जात होतं. २०१८ च्या एप्रिलमध्ये ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं तेव्हा कुठे दुकानात थोडी शिस्त लागली. दुसरं टोक असं की कॅन्सरच्या माणसाला मॉर्फिन लिहून दिलं की घरात कुजबुज सुरू होते : म्हणजे आता संपलं. १९८५ च्या त्याच कायद्यानंतर मॉर्फिनसाठी रुग्णालयांना इतके परवाने लागत की बहुतेकांनी नादच सोडला. २०१४ च्या दुरुस्तीनं मॉर्फिनसारखी औषधं ‘अत्यावश्यक’ मानून वाट सोपी केली, पण रोह्याच्या माणसाला आजही गोळ्यांसाठी बहुधा परळच्या टाटा रुग्णालयाची वाट धरावी लागते. मॉर्फिन हे शेवटचं औषध नव्हे. अष्टमीचे आजोबा त्यावर चार महिने ओट्यावर बसून पेपर वाचत होते. त्यांना रोज सकाळी त्रास होता तो वेदनेचा नव्हे, बद्धकोष्ठाचा. आतड्याला या औषधाची सवय कधीच होत नाही, म्हणून रेचक पहिल्या दिवसापासून सोबत लागतं. लेखिकेनं या साध्या गोष्टीला सहा पानं दिली आहेत. ज्यानं घरात असा रुग्ण सांभाळलाय त्याला ती सहा पानं कमीच वाटतील.

पुस्तकात उणिवा आहेत. शुद्धलेखन दोन-तीन ठिकाणी निसटलंय, आकृत्या माझ्या चष्म्याला बारीक पडतात, आणि गणपतीची उपमा जरा जास्तच ताणली आहे. पण डोसाचे आकडे त्यांनी मुद्दाम दिलेले नाहीत, आणि ते योग्यच केलं. डोस ठरवायचा तो तुमचं वय, वजन, मूत्रपिंड आणि सोबतची औषधं बघून तुमच्या डॉक्टरनं. उरलेल्या गोळ्या शेजारच्या वहिनींना ‘मला गुण आला’ म्हणून देऊ नका, दुकानात किंवा रुग्णालयात परत न्या.

शेवटचं पान कोरं ठेवलंय, छपाईची चूक समजू नका. त्यावर घरातल्या प्रत्येकाच्या चालू गोळ्यांची नावं लिहा. पेन्सिलीनं लिहा, यादी बदलत असते. डॉक्टरकडे जाताना ते पान आणि सगळी पाकिटं एका पिशवीत घालून न्या. आणि लिहायला बसाल तेव्हा देवघराच्या खणातलं पाकीट आधी काढा.